माझ्या हातचा भंडारा

१५ मे १९६७, सोमवार. वर्षाची हळद कुटायला घेतली होती. बाजारातून आणलेली हळकुंडं चार दिवस अंगणात तापवून खणखणीत झाली होती. उखळात एका वेळी ओंजळभरच घालायची, नाहीतर तुकडे उडतात. कुटायची, चाळायची, चाळणीत राहिलेलं पुन्हा उखळात. नाकाला पदर बांधला तरी शिंका येतातच आणि पुढचे चार दिवस हातांचा पिवळेपणा जात नाही. मतदान आठवड्यावर आलं होतं. ओसरीवर माणसांची ये-जा, चुलीवर चहाचं आधण सारखंच. त्यातच मी हळद काढली, कारण पाऊस काही निवडणुकीसाठी थांबणार नव्हता.

आमचे मालक तेव्हा पंचायत समितीचे सभापती होते आणि पुन्हा उभे होते. सकाळीच जीपने पौडला गेले होते.

अकराच्या सुमाराला वरच्या वस्तीवरचा म्हातारा आला. आमच्या गावामागे डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर धनगरांची वीस-बावीस घरं आहेत. शेरडं, चार म्हशी, पावसाळ्यात थोडी नाचणी. त्या वस्तीचा हा जाणता माणूस. ओसरीवर चढला नाही, अंगणात आंब्याखाली टेकला. घोंगडीची घडी मांडीवर ठेवली.

"दादा हायेत का, वैनी?"

जेवायला येतील म्हणून सांगितलं. बसतो म्हणाला. मी पाण्याचा तांब्या दिला. तो संपला, दुसरा दिला, तोही संपला. वरची माणसं खाली आली की आधी पाणी पितात, आणि मी दर वेळी दुसरीकडे बघते.

काय काम काढलं असं विचारलं, तर त्याने बंडीच्या खिशातून एक लहानशी पुरचुंडी काढून तळहातावर धरली. "ह्यो परत द्यायचा हाय."

कापड मी ओळखलं. माझ्याच खणाच्या जुन्या चोळीचा तुकडा होता तो. आत काय आहे हे मला उघडून बघायची गरज नव्हती. पाच वर्षांपूर्वी तो भंडारा मीच कुटला होता, ह्याच उखळात.

हे सगळं नीट कळायला आमच्या मालकांबद्दल आधी सांगायला हवं, आणि खरं तेच सांगायला हवं. ते वाईट माणूस नव्हते. तसे असते तर हे लिहायला बसलेच नसते.

मी लग्न होऊन आले ते सोळाव्या वर्षी. सासरची चांगली भातखाचरं माझ्या लग्नाआधीच धरणात गेलेली. उरली ती वरच्या अंगाची, दगडगोट्यांची. पहिल्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली उतरलं तेव्हा मालक मला तिकडे घेऊन गेले. चिखल वाळून भेगाळलेला, त्यात एका घराचं जोतं उघडं पडलेलं. हे आमचं देवघर, हा गोठा, इथे आजी दळायची, असं त्यांनी बोटाने दाखवलं. ते घर गेलं तेव्हा ते कडेवरचे होते, त्यांना आठवत काहीच नव्हतं. सगळं वडिलांकडून ऐकलेलं. परत येताना म्हणाले, "आम्हाला कुणी विचारलं नाही बघ. बातमी आली आणि मग पाणी आलं." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "मी कधी कुणाच्या बाबतीत असा वागलो तर मला सांगशील ना?"

मी हो म्हटलं. सोळा वर्षांची मुलगी नवऱ्याला दुसरं काय म्हणणार. पण त्यांनी ते मनापासून विचारलं होतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी जे केलं ते गावाने पाहिलं आहे. शाळेची खोली श्रमदानाने उभी राहिली, तिचे दगड त्यांनी स्वतः वाहिले. देवीची लस टोचायला माणूस आला तेव्हा वस्तीवरची माणसं पोरं घेऊन रानात पळाली. मालक त्या माणसाला घेऊन डोंगर चढले, सगळ्यांसमोर स्वतःचा दंड पुढे केला आणि टोचून घेतलं. मग एकेक जण आला. तेव्हापासून वस्तीवर ते 'दादा' झाले. कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाला दवाखान्यात पोचव. त्यात घरच्या कामाचा खोळंबा व्हायचा, मी चिडायचे, पण जेवण झाकून ठेवायचे.

१९६२ साली पंचायत समित्या नव्याने झाल्या. लोकांनीच मालकांना उभं केलं. समोर भातगिरणीवाला होता. पैशाने मोठा, आणि खालच्या चार गावांत त्याचे नातेवाईक. चुरशीचा मामला होता. वस्तीवरची चाळीसएक मतं कुणीकडे जातात यावर सगळं ठरेल असं ओसरीवर बोलणं चालायचं. गिरणीवाला वस्तीवर दोनदा जाऊन आला होता.

बेल-भंडाऱ्याची कल्पना माझ्या चुलत दिरांची. वस्तीवरच्या लोकांनी देवापुढे बेल-भंडारा उचलून शब्द दिला की जीव गेला तरी तो फिरत नाही, हे पंचक्रोशीत माहीत होतं. आमच्याकडचे लोकही शपथा घेतात, पण त्या आमच्या शपथा. दिवाळीला घेतलेली संक्रांतीपर्यंत टिकली तर पुष्कळ.

मालकांना ते पटलं नव्हतं. मत ज्याचं त्याच्यापाशी, त्याला देवाचा धाक कशाला, असं ते म्हणाले. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "थोडी हळद कुटून दे. एवढ्या खेपेपुरतंच."

वस्तीची रीत अशी, की ज्याला शब्द हवा त्याच्या घरचा भंडारा लागतो आणि तो त्या घरच्या बाईने स्वतः कुटून देवापर्यंत न्यावा लागतो. म्हणून मलाही जावं लागलं. सकाळी लवकर निघालो. माथ्यावर एका मोठ्या हिरड्याखाली त्यांचे देव आहेत, शेंदूर लावलेले पाच-सहा तांदळे, बिनघडीव दगड. मी ताट धरून उभी राहिले. ताटात भंडारा आणि बेलाची पानं. एकेक बाप्या पुढे यायचा, पान आणि चिमूट उचलायचा, म्हणायचा, "ह्या घराच्या शब्दाबाहेर आमी जानार न्हाई." पुरुषांमागून बायाही आल्या.

'एवढ्या खेपेपुरतंच' हे मालकांनी मला घरी सांगितलं होतं. तिथे देवापुढे ते त्यांनी म्हटलं नाही, कुणी विचारलंही नाही. आमच्या मनात ती शपथ एका निवडणुकीची होती. त्यांच्या मनात शपथेला मुदत असते ही गोष्टच नव्हती.

सगळ्यांचं झाल्यावर म्हाताऱ्याची बायको पुढे आली. ठेंगणी, कपाळभर कुंकू, तोंडाची फटकळ. म्हणाली, "दादा, आमी उचलला. आता तुमीबी उचला की. का तुमचा हात लई जड झाला?"

लोक हसले. मालकही हसले. त्यांनी पान आणि भंडारा उचलला आणि समितीकडून होणारी पहिली विहीर या वस्तीवर होईल असं सांगितलं. कुणी मागितलं नव्हतं, आपणहून सांगितलं. तेव्हा त्यांना तसंच करायचं होतं यात मला शंका नाही. त्या माथ्यावरून खाली धरणाचं पाणी दिसतं, दोन्ही डोंगरांच्या मध्ये पसरलेलं, नजर पोचत नाही तिथवर. आणि वस्तीवरच्या बाया दरीच्या तोंडाशी उतरून कपारीतल्या झऱ्यावर करवंटीने पाणी भरतात. उन्हाळ्यात एक हंडा भरायला तास लागतो. वर चढायची वाट सुट्या दगडांची.

उरलेल्या भंडाऱ्यातला मूठभर म्हाताऱ्याने मागून घेतला. तो देवापाशी ठेवायचा असतो. बांधायला फडकं नव्हतं. माझ्याकडे ताट झाकायला आणलेला चोळीचा तुकडा होता तो मी दिला.

मालक निवडून आले. थोड्याच मतांनी, म्हणजे वस्तीच्याच मतांनी.

मग सभापतीची निवडणूक. ती सदस्यांनी आपसात करायची असते. मालकांना दोन मतं कमी पडत होती. ती दोन मतं ज्या सदस्याच्या हातात होती त्याला त्याच्या गावात विहीर हवी होती. त्याच्या गावात आधीच दोन विहिरी होत्या, पण त्याला आपल्या आळीत तिसरी हवी होती. त्या वर्षी आमच्या भागाला एकच विहीर मिळणार होती.

मालकांनी मला हे जेवताना सांगितलं. लपवलं नाही. म्हणाले, एका विहिरीवर अडून बसलो तर पाच वर्षं नुसता सदस्य राहीन, कुणी विचारणार नाही. सभापती झालो तर दहा विहिरी देईन, वस्तीला पुढच्या साली पहिली. हिशेब बरोबर वाटला. मी भाकरी वाढली. देवापुढे काय उचललं होतं ते आठवून द्यायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोलले नाही. खरं कारण असं, की मलाही नवरा सभापती झालेला हवा होता.

ते झाले. अंगणात जीप उभी राहायला लागली. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. माहेरी गेले की भाऊ स्टँडवर घ्यायला येऊ लागला, आधी कधी येत नसे. हे सगळं मला आवडत होतं. आता मागे वळून मी साधी होते असं लिहिण्यात अर्थ नाही.

त्यांनी कामंही केली. रस्ता झाला, मोऱ्या झाल्या, दोन गावांना शाळा झाल्या, एका ठिकाणी दवाखाना. पण दर वर्षी कुठलं तरी मत सांभाळायचं असे आणि दर वर्षी विहीर तिकडे जाई. वस्तीचं मत सांभाळावं लागत नव्हतं. ते बांधलेलंच होतं.

वस्तीवर मात्र विहिरीची तयारी झाली होती. म्हाताऱ्याची सून होती, उंच, शेलाटी. तूप विकायला आमच्याकडे यायची. पहिल्याच वर्षी तिने घायपाताचा वाख काढून विहिरीसाठी दोर वळला. चाळीस हात. मला म्हणाली, "वैनी, कमी तर पडनार न्हाई ना? आमच्यात कुनी हीर बगितलीच न्हाई, तर माप कुनाला इचारू?" मी आमच्या विहिरीचं माप सांगितलं आणि डोंगरावर आणखी खोल जावं लागेल म्हटलं. पुढच्या खेपेला आली तेव्हा दहा हात वाढवलेला होता. घरात आढ्याला टांगून ठेवलाय म्हणाली. नंतरच्या वर्षी विचारलं तेव्हा, धुराने काळा झालाय, पण चिवट झालाय म्हणून हसली. त्यानंतर मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. तूप मापून द्यायची, जायची.

१९६६च्या वैशाखात ती झऱ्यावरून येताना वाटेवर घसरली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आणि सातवा महिना. खाली कपारीवर जाऊन आदळली. वस्तीवरच्या चौघांनी तिला घोंगडीची डोली करून खाली आणलं. डोली त्याच दोराने बांधली होती, कारण वस्तीवर तेवढा लांब दुसरा दोर नव्हता. त्या दिवशी जीप नेमकी दौऱ्यावर होती. मी गाडी जुंपायला लावली, गवत घातलं, वर गोधडी टाकली. डोलीतून तिला काढताना ती शुद्धीवर होती. "हंडा फुटला का वो?" असं तिने विचारलं. तांब्याचा हंडा, तो फुटत नाही. नाही फुटला म्हणून मी सांगितलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली. पोटातलं पोर तिच्या आधी.

मालक दिवसांना वस्तीवर गेले. म्हाताऱ्याजवळ बसले. रडले असं ऐकलं, आणि ते मला खरं वाटतं. पुढच्या साली विहीर नक्की असं सांगून आले.

डोलीची घोंगडी मी धुऊन परत पाठवली. दोर आमच्या अंगणातच राहिला होता. त्याला डाग होते. मालकांनी गड्याला तो टाकून द्यायला सांगितलं. मी तो गोठ्यात खुंटीला अडकवला. येता-जाता दिसायचा. मालकही बघायचे.

त्या सोमवारी म्हाताऱ्याच्या तळहातावरची पुरचुंडी बघून हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, असं काही म्हणत नाही. मला फक्त तो दोर आठवला आणि मी परत कुटायला लागले.

मालक दीड वाजता आले. बरोबर तिघे-चौघे होते. म्हातारा उठून उभा राहिला. मालकांनी त्याला हाताला धरून ओसरीवर बसवलं. जेवून घ्या म्हणाले, घरचं विचारलं. ते त्यांचं नेहमीचं, मनापासूनचं. म्हाताऱ्याने पुरचुंडी पुढे केली.

त्याचं म्हणणं साधं होतं. सून गेल्यापासून मुलगा म्हणतो, मी ह्या घराला मत देणार नाही. वस्तीवरच्या बायाही तेच म्हणतात. पण भंडारा उचललेला आहे, तो मोडता येत नाही. त्यामुळे पोरगा म्हणतो मतदानाच्या आधी मी वस्ती सोडून जातो, मग शपथही मोडणार नाही आणि मतही द्यावं लागणार नाही. शेरडं वाटून मागतोय. म्हातारा-म्हातारीला तो एकच मुलगा. भंडारा ज्या घरचा त्या घराने देवापुढे परत घेतला की शब्द सुटतो. म्हणून, दादा, तुम्ही वर या आणि आपला भंडारा परत घ्या.

"दुसऱ्या कुनाला मत देनार न्हाई आमी," म्हातारा म्हणाला. "कुनालाच देनार न्हाई. तेवढं मोकळं करा."

बरोबरच्यांपैकी एक जण म्हणाला, अहो बाबा, मत पेटीत टाकताना कोण बघतंय? म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. मालकांना म्हणाला, "ह्यांनला समजंल असं तुमीच सांगा."

मालकांनी पुरचुंडीकडे बघितलं. हात पुढे केला नाही. मग म्हणाले, मतदान होऊ दे बाबा, मग आपण वर येऊन रीतसर करू. आत्ता लोक वेगळा अर्थ काढतील. मुलाला मी समजावतो, त्याला माझ्याकडे पाठवा. आणि ह्या वेळी विहीर नक्की.

म्हातारा उठला. पुरचुंडी खिशात घातली. "विहिरीचं काय न्हाई दादा आता," म्हणाला. "तिला पाहिजे हुती."

इथे एक सांगून टाकते. ती निवडणूक मालक मोठ्या फरकाने जिंकले. वस्तीच्या मतांची गरजही पडली नसती. पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी हात पुढे केला असता असं मला वाटत नाही. चाळीस बांधलेली मतं हातातून सोडून द्यायची सवय त्यांची गेली होती.

म्हातारा न जेवताच निघाला. मी भाकऱ्या फडक्यात बांधून फाटकापर्यंत गेले. त्याला विचारलं, भंडारा घरच्या बाईने परत घेतला तर चालतो का?

त्याने भाकऱ्या घेतल्या. "चालतो की. कुटला तुमीच हुता, ताटबी तुमच्याच हातात हुतं."

"मग मला का नाही म्हणालात?"

"तुमाला ह्याच घरात ऱ्हायाचंय, वैनी."

एवढं बोलून तो वाटेला लागला. मी परत येऊन राहिलेली हळद कुटली. दिवस मावळेपर्यंत बरणी भरत आली.

संध्याकाळी पहिल्या पंगतीची माणसं जेवून गेल्यावर मालक एकटेच जेवायला बसले. मला म्हणाले, "तू दुपारपासून गप्प आहेस."

मी म्हटलं, "लग्नानंतर तुम्ही मला धरणातलं जोतं दाखवलं होतं. तेव्हा मला काहीतरी सांगून ठेवलं होतं. आठवतं का?"

त्यांचा हात भातात थांबला. आठवत होतं. पंचवीस वर्षांत आम्ही त्याबद्दल एकदाही बोललो नव्हतो, पण आठवत होतं.

"मी सांगायला उशीर केला," मी म्हटलं. "पाच वर्षं. त्यात तुमच्याइतकीच माझीही चूक आहे. पण आता सांगते. तुम्ही तसेच वागताय."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत. समजावून सांगितल्यासारखं बोलत राहिले. या वेळी पडलो तर गिरणीवाला येईल, तो वस्तीकडे बघणारही नाही. माझ्या हातात असलं तरच काहीतरी होईल. एका शपथेसाठी सगळं सोडून द्यायचं का? मी ऐकत होते. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि त्यांनी ते आधी कुठेतरी बोलून पाहिलेलं होतं, सभेत किंवा स्वतःशी. देवीची लस टोचायला दंड पुढे करणारा माणूस मी त्या बोलण्यात शोधत होते. तो खोटा नव्हता, हे मला माहीत होतं. म्हणून तर जास्त वाईट वाटलं. खोट्या माणसाचं काही जात नाही.

"उद्या वर जाऊ नकोस," शेवटी ते म्हणाले. मी जाईन असं बोललेच नव्हते. मग हात धुवायला उठले. पानात भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाईची धार काढली, दूध चुलीवर ठेवलं, शेजारच्या जाऊबाईंना लक्ष ठेवायला सांगितलं. गोठ्यातला दोर खुंटीवरून काढून खांद्यावर घेतला आणि मागच्या दाराने निघाले. मालक परसात दात घासत होते. त्यांनी मला बघितलं. हाक मारली नाही.

चढायला मला दोन तास लागले. पाच वर्षांपूर्वी एवढे लागले नव्हते. म्हातारी दारात शेणाने सारवत होती. मला बघून हात तसेच ठेवून उभी राहिली. म्हाताऱ्याला बोलावलं, चार घरची माणसं जमली. मुलगा लांब झाडाला टेकून उभा होता, जवळ आला नाही.

हिरड्याखाली म्हाताऱ्याने पुरचुंडी देवाला लावली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं. म्हातारा म्हणाला, मनात यील ते म्हना. मी म्हटलं, "आमच्या घरचा भंडारा मी परत घेतला. तुमचा शब्द सुटला. आमचा मोडला तो मोडलाच." मग म्हातारी पुढे आली आणि शेणाच्या हाताने माझं तोंड कुरवाळलं. ती मला दोष देईल म्हणून मी वाटभर तयारी केली होती, ह्याची तयारी नव्हती.

दोर मी मुलाकडे नेला. त्याने तो हातात घेतला, टोकापासून टोकापर्यंत चाचपून बघितला. तिने मागून वाढवलेल्या दहा हातांचा सांधा जिथे होता तिथे त्याचं बोट थांबलं. तू आता जाणार का, असं मी विचारलं. "शेरडं अजून वाटली न्हाईत," तो म्हणाला. दोर खांद्यावर टाकून घराकडे गेला.

त्यांच्याकडे पाणी मागायला नको म्हणून मी तहान दाबून उतरले. घरी आले तेव्हा ओसरीवर माणसं होती. मालक मधोमध बसून कुणाला तरी कागद समजावत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मुठीकडे बघितलं. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "भंडारा परत घेऊन आले." मालकांनी मान खाली घातली आणि कागद पुन्हा वाचायला घेतला.

मी स्वयंपाकघरात गेले. पुरचुंडी सोडली. आतली हळद जुनी होऊन मातीच्या रंगाची झाली होती, वास गेला होता, कीड मात्र नव्हती. आदल्या दिवशी कुटलेल्या हळदीच्या बरणीत मी ती ओतली, हात घालून तळापासून कालवली आणि झाकण लावलं. मग दहा माणसांच्या भाताला आधण ठेवलं.